साबण आधी, सॅनिटायझर नंतर : नाशिकच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका

स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आमच्या पंचवटीतल्या बालवाडीत कुणा ना कुणाच्या तळहातावर पुरळ उठतं, तोंडात फोड येतात. डॉक्टर ‘हँड-फूट-माउथ’ म्हणतात, आठवडाभर घरी ठेवायला सांगतात आणि मूल हिंडूफिरू लागतं. बहुतेक वेळा विषय खरोखर तिथेच संपतो. उगाच घबराट पसरवायची म्हणून हे पत्र नाही.

पण हा आजार एन्टेरोव्हायरस कुळातला आहे, पोलिओच्या भावकीतला. हे विषाणू मुख्यतः तोंडावाटे शिरतात : शी धुतलेल्या हातावरून खाऊवर, खाऊवरून पोटात. जठरातल्या आम्लाला ते दाद देत नाहीत. घशात आणि आतड्यात वाढतात, मग रक्तात उतरतात. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्यांना इथेच गाठते. क्वचित एखाद्या मुलात मात्र ते रक्तातून, नाहीतर स्नायूंच्या नसांमधून उलटे चढत मज्जारज्जू आणि मेंदूपर्यंत पोचतात. पोलिओ हालचालीच्या चेतापेशी मारतो, म्हणून पाय लुळा पडतो. हँड-फूट-माउथ घडवणाऱ्या विषाणूंपैकी एक, एन्टेरोव्हायरस ७१, मेंदूच्या बुंध्यावर घाव घालतो. श्वास आणि हृदय चालवणारी केंद्रं तिथलीच, त्यामुळे फुप्फुसात पाणी भरून मूल काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतं. तैवानमध्ये १९९८ च्या साथीत ७८ जण दगावले, बहुतेक चिमुरडी.

मेंदूत पोचलेल्या या विषाणूला मारणारं खात्रीचं औषध आजही नाही. चीनमध्ये एन्टेरोव्हायरस ७१ वर लस निघाली, पण आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती नाही. म्हणजे त्याला अडवायचं ते हातावर आणि सांडपाण्यात. साहेब, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांपेक्षा तुमच्या अखत्यारीत जास्त येतात.

करोनापासून बालवाड्यांच्या दारात सॅनिटायझरची बाटली आली ती आजतागायत आहे. अल्कोहोल करोनाचं स्निग्ध आवरण फोडतं, म्हणून तिथे ते चाललं. एन्टेरोव्हायरसला असं आवरणच नाही, त्यामुळे तिथे त्याचा भरवसा नाही. लागतो साबण आणि वाहतं पाणी. पुरळ सुकल्यावरही कित्येक आठवडे शीतून विषाणू पडत राहतो, तेव्हा मूल बरं होऊन परत आलं तरी हात धुणं सुटत नाही. आणि आमच्याकडे नळ असतो मोठ्यांच्या उंचीचा! चार वर्षांचं पोर टाचा उंचावून दोन बोटं ओली करतं आणि फ्रॉकला पुसून पळतं. प्रत्येक अंगणवाडीत, बालवाडीत संडासाबाहेर एक बुटका नळ आणि जाळीत टांगलेली साबणाची वडी, एवढंच मागतेय. फरशी आणि खेळणी पुसायला ब्लीचिंग पावडर मिळाली तर उत्तम.

दुसरं, घंटागाडीच्या भोंग्यावर ओला कचरा-सुका कचरा रोज ऐकतो. साथीच्या दिवसांत त्यात एवढी भर घाला : ताप आणि पुरळ असलेलं मूल झोपेत सारखं दचकत असेल, वारंवार उलट्या करत असेल, चालताना झोकांडत असेल किंवा गुंगीत असेल, तर लगेच दवाखान्यात न्या. आमच्याकडच्या आया दचकणाऱ्या लेकराची नजर काढतात. मीठ-मोहरी जरूर ओवाळा, मी त्यांना अडवत नाही, पण रिक्षा आधी बोलवा.

तिसरी मागणी सिंहस्थाची. २०२७ च्या पर्वण्यांना देशभरातून माणसं रामकुंडावर बुडी मारतील, तेच पाणी तोंडात घेतील. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने पोलिओसाठी तपासले जातात. तपोवन आणि आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रांवरचे नमुने आतापासून नियमित घेऊन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या मदतीने पोलिओबरोबर इतर एन्टेरोव्हायरससाठीही तपासावेत आणि निष्कर्ष जाहीर करावेत. रस्ते, पूल, घाट यांचे आराखडे निघतच आहेत. त्यात या कामाची स्वतंत्र तरतूद दिसावी, ही विनंती.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका
पंचवटी, नाशिक