बेब्लेड आणून दिला, आता तो फेकायलाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा हल्ली मुलांच्या सॅकमधून बेब्लेडही येतात, म्हणजे दातेरी पट्टी किंवा दोरी ओढून 'लाँचर' नावाच्या साधनाने सोडायचे लढाऊ भोवरे. आरत्या आटोपल्या की पडवीत डाव सुरू होतो आणि पाहुणे परत गेले की गावातली मुले हट्ट धरतात. मग कणकवली-चिपळूणच्या बाजारात किंवा पुढे आंगणेवाडी-कुणकेश्वरच्या जत्रेत जो संच हाताला लागेल तो घरात येतो. महिन्याभरात लाँचरचे दात झिजतात, एखादा भाग हरवतो आणि 'पैसे पाण्यात गेले' असे म्हणून खोका माळ्यावर जातो. खेळ उत्तम आहे. तो सुरू कसा करायचा, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

बेब्लेड १९९९ मध्ये जपानच्या टाकारा कंपनीने बाजारात आणला. त्याच्या मागे तिथला जुना 'बेगोमा' आहे. बेगोमा म्हणजे दोरी गुंडाळून, पिंपावर ताणलेल्या कापडावर फेकायचा छोटासा ओतीव लोखंडी भोवरा. त्याच्याही आधी समुद्री गोगलगाईच्या शंखात वाळू भरून, मेणाने तोंड बंद करून तो बनवत. शंखशिंपल्यांत वाढलेल्या आपल्या मुलांना हे जरूर सांगावे. आज ज्या पिढीच्या स्पर्धा होतात ती 'बेब्लेड एक्स'. ती जपानमध्ये २०२३ साली टाकारा टोमीने आणली आणि जपानबाहेर अनेक देशांत २०२४ पासून हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने. आधीच्या 'बर्स्ट' किंवा 'मेटल' मालिकांचे भाग एक्सला बसत नाहीत. मुंबईच्या मावसभावाचा जुना डबा मिळाला असेल तर त्यावर हात बसवायला हरकत नाही, पण नवीन भाग घेताना तो डबा हिशेबात धरू नका.

खरेदीत पहिली फसगत खोक्यावरच्या शब्दांनी होते. 'स्टार्टर'मध्ये भोवरा आणि लाँचर दोन्ही असतात. 'बूस्टर'मध्ये नुसता भोवरा येतो, लाँचर नसतो. पहिलाच बूस्टर घरी आणला तर मूल तो हातात धरून बसते. दोघांना खेळायचे असेल तर एक स्टेडियम (भोवरे ज्यात लढतात ते खोलगट तबक), दोन भोवरे, दोन लाँचर असा पूर्ण संच घ्यावा. दुसरी फसगत नकली मालाची. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे (बीआयएस) प्रमाणन सक्तीचे आहे, तेव्हा खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे का ते बघा. नकली भोवऱ्याच्या धातूला धार राहिलेली असते, वजन एका अंगाला झुकलेले असते आणि तो फिरताना थरथरतो. अशा भोवऱ्यावर शिकलेल्या मुलाला आपला हात चुकतोय की भोवराच वाकडा आहे, हे कळायला मार्गच उरत नाही. थोडे थांबून एकच घ्या, पण चांगला घ्या.

भोवऱ्याचे भाग तीन. वरचे धातूचे ब्लेड, मधले रॅचेट, खालचे टोक म्हणजे बिट. रॅचेटवर ३-६०, ४-८० असे आकडे असतात. पहिला आकडा त्याला किती कंगोरे आहेत ते सांगतो, दुसरा उंची. ६० म्हणजे ६ मिलिमीटर, ८० म्हणजे ८. भोवऱ्याच्या नावातले शेवटचे इंग्रजी अक्षर बिटचे. एफ म्हणजे सपाट टोक, ते स्टेडियमभर पळते. बी म्हणजे गोळी, ती कमी घासते आणि जास्त वेळ फिरते. एन म्हणजे सुई, ती मध्यभागी ठाण मांडते. टी म्हणजे निमुळते टोक, ते पळण्या-टिकण्याच्या मधले. जोडताना आधी बिट रॅचेटमध्ये पूर्ण दाबायचे, मग रॅचेट ब्लेडमध्ये बसवून 'टक' होईपर्यंत फिरवायचे. नवशिक्याचा भोवरा पहिल्याच धडकेत सुटून पडतो तेव्हा समोरच्याच्या ताकदीपेक्षा अर्धवट दाबलेले बिट हेच बहुतेक वेळा कारण असते. दर डावाआधी एकदा अंगठ्याने दाबून पाहायची सवय लावावी.

आता मुख्य गोष्ट, फेक. निम्मा खेळ इथेच ठरतो आणि नेमकी हीच गोष्ट मुले शिकत नाहीत, कारण ओढले की भोवरा फिरतोच. लाँचरचा हात स्थिर ठेवायचा आणि पट्टी ओढणारा हात हलवायचा. बहुतेक मुले दोन्ही हात एकदम विरुद्ध दिशांना झटकतात. मग लाँचर तिरपा होतो आणि भोवरा सुटतानाच डुलत सुटतो. डुलणारा भोवरा जमिनीला कडेने घासतो, म्हणून कितीही जोर लावला तरी लवकर पडतो. दातेरी पट्टी लाँचरच्या रेषेत, सरळ, एका दमात ओढायची. वर ओढली तर लाँचरचे नाक खाली जाते आणि पट्टीच्या दातांवर तिरका ताण येतो. पट्ट्या वाकतात त्या अशाच. सुरुवातीला हळू ओढून शेवटी हिसका देण्यानेही काही साधत नाही. वेग पहिल्या इंचापासून चढत गेला पाहिजे. दोरीचा लाँचर असेल तर ओढून झाल्यावर मूठ सोडून देऊ नये. दोरी सपकन आत जाते, गुंता होतो आणि आतली स्प्रिंग बिघडते. मूठ हातात धरून सावकाश आत जाऊ द्यावी.

लाँचर स्टेडियमपासून साधारण वीतभर उंच धरावा. फार उंचावरून सोडला तर भोवरा आपटून उसळतो आणि पहिल्या क्षणीच वेग गमावतो. गोळी किंवा सुईचे टोक असेल तर लाँचर जमिनीला समांतर धरून भोवरा अलगद मध्यावर सोडायचा. सपाट टोकाचा असेल तर लाँचर थोडा कलता धरायचा, म्हणजे भोवरा वळसा घेत कडेच्या दातेरी रुळाकडे जातो. हा रूळ, 'एक्स्ट्रीम लाइन', हीच एक्सची खासियत. बिटच्या अंगावरचे दात रुळाच्या दातांत अडकले की भोवरा एकदम वेगाने फेकला जातो आणि समोरच्यावर आदळतो. कल जास्त झाला तर हाच भोवरा कोणाला न शिवता थेट स्टेडियमच्या कडेच्या खिशात (बाद होण्याच्या खोबणीत) जाऊन पडतो. एफ घेतलेल्या नवशिक्यांचे सर्वांत जास्त डाव असेच जातात. त्यावर उपाय म्हणजे जोर थोडा कमी करणे आणि आधी कल पक्का करणे. समोर कोणी नसताना एकाच कलाने लागोपाठ दहा फेकी टाकून पाहाव्यात. दहातल्या आठ एकाच वाटेने गेल्या की मग जोर वाढवावा. गोळीच्या टोकाला प्रत्येक फेकीची वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजावी. लागोपाठच्या वेळा जवळजवळ आल्या की हात बसला समजावे. एखादीच फेक लांब टिकण्याला किंमत नाही.

आपल्या घरांतली अडचण जमिनीची आहे. सारवलेले अंगण, चिऱ्यांची पडवी, पाणी जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला ओटा, यांपैकी काहीच सपाट नसते. एक्सच्या स्टेडियममध्ये तिन्ही खिसे एकाच बाजूला असतात. स्टेडियम त्या बाजूला जरासे कलले तरी दमलेला भोवरा आपोआप तिकडे घरंगळतो आणि निकाल खोटा ठरतो. मोबाइलवरचे लेव्हलचे अॅप लावून बघा, खाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवा, दोन्ही दिशांना सपाट झाले की मगच खेळा. प्लॅस्टिकच्या टेबलापेक्षा घरातली फरशी बरी, कारण टेबल प्रत्येक धडकेला हलते.

गुणांची पद्धत सोपी आहे. समोरचा आधी थांबला तर १ गुण. त्याला कडेच्या 'ओव्हर झोन'मध्ये ढकलले तर २. तो सुटून भाग वेगळे झाले तरी २. मधल्या 'एक्स्ट्रीम झोन'मध्ये ढकलले तर ३. जो आधी ४ गुणांवर पोचेल तो जिंकला. 'तीन, दोन, एक, गो शूट' म्हटल्यावर दोघांनी एकदम सोडायचे. आधी किंवा मागाहून सोडले तर ती फेक धरायची नाही. दोन्ही एकाच वेळी थांबले तर डाव पुन्हा. गुण मोजून खेळायला लागल्यावर मुलांची भांडणे निम्मी होतात आणि कुठे हरतो ते कागदावर दिसते. सतत ३ गुण जात असतील तर भोवरा फार पळतोय. सतत १-१ ने हरत असाल तर फेक कमी पडतेय.

त्यानंतर जोडण्या. सोर्ड ड्रान ३-६०एफ आणि ॲरो विझार्ड ४-८०बी, असे पळणारे एक आणि टिकणारे एक घेतले तर तीन-तीन भागांच्या अदलाबदलीतून आठ वेगवेगळे भोवरे होतात. नवे विकत घेण्याआधी हे आठ खेळून बघा. एका वेळी एकच भाग बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. पहिला बदल आम्ही सुचवू तो असा: विझार्डचे ८० उंचीचे रॅचेट काढून ६० चे लावा, बिट गोळीचेच ठेवा. उंच भोवऱ्याच्या पोटाखाली बुटक्याची धडक बसते आणि तो उलथतो. २ मिलिमीटर खाली आणला की तोल सुधारतो. स्पर्धांत गाजलेला 'विझार्ड रॉड' हा भोवराही टिकण्याच्याच जोरावर चालतो; वजन कडेला, आकार जवळजवळ गोल, म्हणून धडका सरकून जातात आणि फिरणे टिकते. पुढे तीन भोवऱ्यांची स्पर्धा खेळायची झाली तर एक नियम लक्षात असू द्या: तिघांत कोणताही भाग दोनदा वापरता येत नाही. दोघांना ६० चे रॅचेट हवे असेल तर एकाला ३-६० आणि दुसऱ्याला ४-६० लावावे लागते. म्हणून एकसारखे दोन भोवरे घेण्यात पैसे घालू नका.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना निगा थोडी जास्तच घ्यावी लागते. पुळणीवर हा खेळ नेऊच नये. वाळूचा एक कण लाँचरच्या चक्रात गेला की पट्टी अडकते, आणि जोराने ओढली की दात तुटतात. स्टेडियममध्ये वाळू आली तर ओरखडे पडतात, त्यांवर बिटची वाट बदलते. खाऱ्या दमट हवेत आणि घामट हातांनी ब्लेडचा धातू काळवंडतो, पांढुरका थर येतो. खेळ संपला की कोरड्या सुती फडक्याने पुसून, नव्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवावेत. तेल लावायचे नाही. तेल बिटपर्यंत उतरते, स्टेडियम निसरडे होते आणि त्यावर धूळ चिकटते. बिट ही झिजणारीच वस्तू आहे. सपाट टोकाची कड गोल झाली किंवा गोळीला खाली चपटेपणा आला की चाल बदलते. ते बदलावे आणि जुने सरावाला ठेवावे.

वयाची अट खोक्यावर ८ वर्षे आहे, ती पाळावी. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचा धातूचा भोवरा उसळून डोळ्यापाशी आला तर काय होईल, हे सांगायला नको. स्टेडियमचे झाकण काढून खेळू नये, भोवरे फिरत असताना कोणी वाकून बघू नये, रांगते मूल असेल त्या खोलीत बिट मोकळी ठेवू नयेत.

आमची विनंती गावोगावच्या वाचनालयांना आणि उत्सव मंडळांना आहे. कॅरमच्या स्पर्धा घेता, तिथेच एका कोपऱ्यात ही घ्या. खर्च एका स्टेडियमचा. आठ मुले असतील तर सर्वांनी सर्वांशी खेळायला २८ सामने होतात. सामन्याला पाच मिनिटे धरली तरी सव्वादोन तासांच्या वर जातात आणि लहान मुले कंटाळतात. त्याऐवजी चार-चारचे दोन गट करा: गटांत १२ सामने, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम, म्हणजे १५. सव्वा तासात आटोपते. ज्या मुलांकडे स्वतःचा लाँचर नाही त्यांच्यासाठी मंडळाने दोन लाँचर ठेवावेत. पंच मोठा माणूस असावा आणि तो खेळाडूंच्या मागे उभा न राहता स्टेडियमशेजारी खाली बसलेला असावा. दोन भोवरे थांबायच्या बेतात असताना आधी कोण थांबले, हे उभ्याने दिसत नाही.

आपले,
भोवरे खेळणारे व शिकवणारे काही वाचक,
मालवण