भांडण आहे म्हणूनच घे

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

पीएचडीला प्रकाशाने घडवलेल्या अतिसंवाहकतेचा, म्हणजे प्रकाश टाकून पदार्थातला विजेचा रोध नाहीसा करण्याचा, विषय घ्यावा का, असं तू फोनवर विचारलंस. सीनियर म्हणतात त्यात भांडणं फार. माझं मत, घे. भांडण कशावरून आहे ते नीट पाहिलंस तर तुलाच राहवणार नाही.

हॅम्बुर्गच्या आंद्रेआ कावालेरींच्या गटाचं काम तुला माहीत आहेच. २०१६ मध्ये त्यांनी पोटॅशियम मिसळलेल्या फुलरीनवर (कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूंच्या पदार्थावर) अवरक्त लेझरचा स्पंद, म्हणजे अगदी छोटा झोत, टाकला. एरवी हा पदार्थ २० केल्विनच्या (उणे २५३ अंश सेल्सियसच्या) खाली अतिसंवाहक होतो, पण स्पंदानंतर १०० केल्विनलाही तो क्षणभर तसाच वागताना दिसला. क्षण म्हणजे काही पिकोसेकंद, सेकंदाच्या लक्षकोटीव्या भागाएवढे. एवढ्याशा वेळात मल्टिमीटर लावून रोध मोजता येत नाही. टेराहर्ट्झ किरण (अवरक्त आणि सूक्ष्मलहरी यांच्या मधले) परावर्तित होऊन कसे येतात ते पाहायचं आणि त्यावरून संवाहकता गणिताने काढायची.

खरी मेख त्या गणितात आहे. लेझरचा प्रकाश आत जाता जाता शोषला जातो. वरचा थर खूप बदलतो, खालचा कमी, आणि परावर्तित किरणात दोन्ही मिसळून येतात. त्यामुळे बदल खोलीनुसार कसा उतरत जातो, ते आधी गृहीत धरावं लागतं. २०२३ मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातील स्टीव्ह डॉज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रकाश वाढवत नेल्यावर पदार्थाचा प्रतिसाद एका मर्यादेला टेकत असेल आणि ते हिशेबात धरलं नसेल, तर अतिसंवाहकता नसतानाही आकडे तिच्यासारखे येऊ शकतात. हा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. तो पेपर तू हॅम्बुर्गच्या पेपरइतक्याच आदराने वाच.

आणि मग २०२४ चा प्रयोग वाच. १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांना दिसलं होतं, की अतिसंवाहक आपल्यात आधीपासून असलेलं चुंबकीय क्षेत्रसुद्धा बाहेर ढकलतो. रोध नुसताच शून्य झाला असता तर ते क्षेत्र आतच अडकून राहिलं असतं. हॅम्बुर्गच्या गटाने इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या दुसऱ्या अतिसंवाहकाच्या चकतीवर, ती एरवी ज्या तापमानाखाली अतिसंवाहक होते त्याच्या वर, क्षेत्र आधी लावलं, मग प्रकाश टाकला. चकतीच्या कडेशी ठेवलेल्या गॅलियम फॉस्फाइडच्या स्फटिकातून त्यांनी क्षेत्रातला बदल टिपला, आणि कडेशी क्षेत्र वाढलेलं दिसलं, म्हणजे आतलं क्षेत्र बाहेर ढकललं गेल्यासारखं. एका मापनावर शंका आल्यावर अगदी वेगळ्या वाटेने जाऊन तोच प्रश्न विचारला, याचं मला विलक्षण कौतुक वाटतं.

बातम्यांत लगेच वीज वाया न घालवणाऱ्या वाहिन्यांची स्वप्नं रंगवतात. त्या आशेवर मात्र विषय निवडू नकोस. अतिसंवाहकता येते ती इलेक्ट्रॉन जोडीने, एका लयीत चालू लागल्यामुळे. प्रकाशाने पदार्थाचा समतोल मोडल्यावर अशा जोड्या खरोखर नव्याने जुळतात, की आधीच जुळलेल्या पण विस्कळीत असलेल्या जोड्या प्रकाशाने एका लयीत येतात, याचं कुतूहल वाटत असेल तरच जा.

मार्गदर्शकांना भेटशील तेव्हा पहिल्यांदा एवढंच विचार : तुमच्या नमुन्यात प्रकाश किती खोल जातो आणि ते तुम्ही कसं ठरवता? ते काय म्हणाले ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई