तळमजल्यावरच्या अप्पांना, गिटारबद्दल

अप्पा, नमस्कार.

हे तुम्ही मोबाईलवर स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, तर नातीला बसवा आणि मोठ्याने वाचून घ्या. आणि चारचौघांत लिहितीये त्याचं कारण असं की मी घरी बनवलेल्या गिटारचे फोटो टाकल्यापासून कोणी ना कोणी विचारतंय, कोर्स कुठे केलास, ऑनलाईन का, बाहेरगावी जाऊन का, आणि मी "आमच्या तळमजल्यावर" असं म्हटलं की लोकांना वाटतं ही टाळतीये. त्यामुळे एकदाच सगळ्यांना सांगून टाकते.

तर मंडळी, अप्पा आमच्या सोसायटीत राहतात, सिंहगड रोडला. रिटायर होईपर्यंत भोसरी एमआयडीसीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे फाउंड्रीत लोखंडाचा कुठलाही पार्ट ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून काढून घेतात आणि जी पोकळी राहते तिच्यात रस ओततात, तो नमुना करणारा माणूस. गिटारशी अप्पांचा काडीचा संबंध नाही. माझा पण फार नव्हता म्हणा, कॉलेजात शिकलेल्या चार कॉर्ड आणि त्यानंतर नुसते अकाउंट्स. घरी बसून अकूस्टिक गिटार बनवायची हे खूळ कुठून आलं ते विचारू नका, नवऱ्याने विचारून झालंय.

अप्पा, तुम्हाला वाटेल मी अवजारांचे आभार मानतीये. ते तर आहेतच. रंधा तुमचा, पटाश्या तुमच्या, त्यांना धार लावायचा तेलाचा दगड तुमचा. पण मला खरे आभार मानायचेत ते याचे की एवढ्या सगळ्या काळात तुम्ही माझ्या हातातून रंधा एकदाही काढून घेतला नाहीत. आणि तुम्हाला ते किती जड जात होतं ते मला दिसत होतं हो.

त्या स्प्रूसच्या (गिटारच्या वरच्या पाटीला वापरतात ते लाकूड) जोडाच्या वेळचं तर मी कधीच विसरणार नाही. गिटारची वरची पाटी अखंड नसते, एकाच फळीच्या चिरलेल्या दोन अर्ध्या फळ्या शेजारी शेजारी चिकटवतात, आणि तो जोड इतका सरळ लागतो की दोन्ही कडा एकमेकींना टेकवून खिडकीसमोर धरलं तर मधून उजेड दिसता कामा नये. मला दिसायचा. कधी मध्ये, कधी टोकाला. परत रंधा, परत खिडकी. तुम्ही गॅलरीच्या दारात हात पाठीमागे बांधून उभे, मान वेळावताय, आणि हे तुमच्यासाठी दोन मिनिटांचं काम हे आपल्या दोघांनाही माहिती. शेवटी मीच म्हटलं अप्पा तुम्ही मारा ना दोन हात, तर म्हणालात, "मी मारले तर पुढच्या वेळी परत हाक मारशील." आणि मग फक्त एवढंच सांगितलंत की सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर ठेव आणि फळी संपत आली की मागच्या हातावर घे. बस. त्याच संध्याकाळी उजेड बंद झाला. यूट्यूबवर मी हे काम तासन् तास बघितलं होतं, दाब कुठल्या हातावर हे एकानेही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि माझ्या डोक्यात शिरलं नसेल.

आणि ती पट्टी! फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागा आखायला बसले आणि तुमच्या पेटीतली स्टीलची पट्टी उचलली तर तुम्ही ओरडलात, अगं ठेव ती, खोटी आहे. मला वाटलं झिजली असेल. तर ती श्रिंकेज स्केल निघाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बिडाचा रस थंड होताना साधारण १ टक्का आकसतो, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा, आणि दरवेळी गुणाकार करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरकडे मुळातच १ टक्का लांब अशी पट्टी असते, वर आकडे नेहमीसारखेच. मी घाबरलेच, कारण फ्रेटमध्ये अर्धा मिलिमीटर हुकला तरी सूर इकडेतिकडे होतो. माझ्या गिटारची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४५ मिमी, ती १७.८१७ ने भागली की पहिला फ्रेट ३६.२ मिमीवर, मग उरलेली लांबी परत त्याच आकड्याने भागायची की दुसरा, असं करत बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर यायला हवा. तुम्ही माझा कागद बघितलात, जरा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात की पण सगळंच या पट्टीने आखलंस, ब्रिजसकट (पाटीवर तारा जिथे टेकतात तो भाग), तर काय बिघडतंय? ६४५ चे ६५१ होतील, पण भागाकार तोच राहील. अप्पा, गिटार कधी हातात न घेतलेल्या माणसाने हे दोन मिनिटांत बोलावं! मी गप्प. तरी शेवटी खरीच पट्टी वापरली, कारण तारा त्या लांबीच्या हिशेबाने घेतल्या होत्या आणि उगीच कशाला.

लाकडाचं पण तसंच. मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शिसव शोधत फिरत होते, तुम्ही म्हणालात ताजं घेऊ नकोस, जुनं बघ, वाडे पडतायत तिथलं. मग तुमच्या ओळखीच्या वखारीतून जुन्या पलंगाची फळी मिळाली, काळपट जांभळी, आणि वखारवाल्यानेच ती पातळ चिरून दिली. घरी आणल्यावर मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं की बाहेरच्या देशात आपल्या शिसवाला केवढी किंमत आहे, ब्राझिलचं शिसव मिळेनासं झालं तेव्हा १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनेसुद्धा आपलंच धरलं. आणि मग त्याच भरात तोर्रेसची गोष्टपण सांगून बसले, की स्पेनच्या या कारागिराने १८६२ मध्ये एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या, वरची पाटी तेवढी लाकडाची, कारण त्याला दाखवायचं होतं की आवाज मुख्यतः वरच्या पाटीतून येतो. तुम्ही शांतपणे विचारलंत, मग एवढे पैसे घालून शिसव कशाला आणलंस?

दिसतं छान, अप्पा. दुसरं काही उत्तर नव्हतं तेव्हा आणि आत्तापण नाही. (शिसवाचा भुसा मात्र वाईट, अंगावर पुरळ येते काही जणांच्या, मास्क लावून काम करा बाकीच्यांनी. अप्पा मास्क लावत नाहीत, त्यांचं ऐकू नका या बाबतीत.)

बाजू वाकवण्याबद्दल फार लिहीत नाही, सोसायटीतल्या सगळ्यांना वासावरून कळलंच होतं. जीआय पाईप आतून ब्लोटॉर्चने तापवायचा, पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत उडाला पाहिजे, मग २ मिमीची ओली पट्टी त्यावर धरून हळूहळू दाबत जायचं, कंबरेच्या वळणापासून सुरुवात. लाकूड ऐकायला लागतं ते हाताला कळतं. चेअरमन साहेब दोनदा वर येऊन गेले, दुसऱ्यांदा तुम्ही त्यांना खाली चहाला नेलंत, त्याचेही आभार.

आणि ते खोलगट तबक. गिटारची पाठ सपाट दिसते पण नसते, किंचित फुगीर असते, म्हणजे लाकूड सुकून आकसलं तर आधी फुगवटा कमी होतो, लगेच तडा जात नाही. त्यासाठी तेवढ्याच खोलीचं एमडीएफचं तबक लागतं. बाहेर मिळतं, पण मागवायचं म्हणजे महाग आणि जड. तुम्ही लाईटबिलाच्या मागे गणित मांडलंत, १५ फूट त्रिज्या म्हणजे ४० सेंमी रुंदीत जेमतेम ४.४ मिमी खोली, आणि वरच्या पाटीला २८ फूट म्हणजे २.३ मिमी. मग टेम्प्लेट कापलंत आणि दोन तबकं घासून दिलीत. हे एकच काम तुम्ही स्वतः केलंत, तेही "हा पॅटर्न आहे, ही गिटार नाही" असं बजावून.

सगळ्यात जास्त भांडलो ते हवेवरून. मला जुलैत ब्रेसिंग चिकटवायचं होतं, सुट्टी होती, उत्साह होता. ब्रेसिंग म्हणजे पाटीच्या आतून लावलेल्या आडव्यातिडव्या बारीक काठ्या, मुख्य दोन फुलीसारख्या, त्याच तारांचा ताण धरतात, आणि तो ताण सगळ्या तारांचा मिळून ७० किलोच्या घरात जातो, पाटी मात्र ३ मिमीपेक्षा पातळ. तुम्ही ठाम नाही म्हणालात. पावसाळ्यात पुण्याची आर्द्रता ८० च्या वर, लाकूड पाणी पिऊन रुंदीला फुगलेलं, त्यावर तू आडवी काठी चिकटवणार, काठी लांबीला आकसत नाही, पाटी रुंदीला आकसणार, एप्रिलच्या दुपारी हवा २०-२५ टक्क्यांवर आली की फाटली म्हणून समज. मी म्हटलं पुस्तकात तर नुसतं ४५ ते ५० टक्के लिहिलंय, मी एसी लावून करते. तुम्ही म्हणालात लाव, आणि स्प्रूसचा एक कापलेला तुकडा माझ्या एसीच्या खोलीतून उचलून गॅलरीत ठेवलात. संध्याकाळी तो पापडासारखा वाकडा झालेला. मग काय, दसऱ्यानंतर. लाखेच्या पॉलिशलाही तोच न्याय लावलात, पावसाळ्यात ओल धरून ते पांढुरकं पडतं म्हणून. मला तेव्हा राग आलेला, आत्ता तुम्हाला म्हणून सांगते.

पाटी पातळ करतानाची मजा वेगळी. घासायचं, दोन बोटांत धरून टिचकी मारायची, ऐकायचं. मला काही कळायचं नाही, सगळं टक् टक्. तुम्ही मात्र डोळे मिटून ऐकायचात, कारण फाउंड्रीत कास्टिंगवर हातोडी मारून तडा ऐकायची सवय, अख्खं असेल तर वाजतं आणि आत चीर असेल तर बद्द बोलतं. एका संध्याकाळी म्हणालात थांब आता. मी २.८ मिमीला थांबले. आता गिटार वाजते तेव्हा खर्ज जरा कमी आहे, दुरुस्ती करणाऱ्या एकाने बघून सांगितलं अजून थोडी पातळ चालली असती. असेल. मला वाटतं पहिल्या गिटारला आणि आपल्या उन्हाळ्याला तुमचं थांब बरोबर होतं, आणि वरच्या तारांचा आवाज इतका स्वच्छ आहे की तक्रार करायला जीभ वळत नाही.

तारा चढवल्या त्या दिवशीचा तुमचा चेहरा! तिसरी तार पाचव्या फ्रेटवर झणझणली आणि मी कपाळाला हात लावला, तर तुम्ही खूश होऊन म्हणालात, वा, जवारी लागली की! तुमचं आजोळ मिरजेचं, लहानपणी सतारमेकर गल्लीत बसून तंबोऱ्याचे भोपळे आणि तुणीच्या लाकडाच्या दांड्या बघितलेल्या, तिकडे ती झणझण आणायला माणसं ब्रिज घासून घासून आयुष्य घालवतात. आमच्यात मात्र तो दोष धरतात. तुम्हाला हे पटलेलं नाही, माहितीये. सहावा फ्रेट केसभर वर राहिला होता, सपाट कानशीने बसवला आणि गेली तुमची जवारी. तुम्ही जरा हिरमुसलात. आणि हो, गिटारची दांडी तुणीची केली ती तुमच्याच त्या आठवणीमुळे, मी महोगनी महोगनी करत बसले होते.

काकूंचे आभार वेगळे मानायला हवेत. बाजूंच्या आतून कर्फिंगची खाचा असलेली पट्टी चिकटवताना दर बोटभर अंतरावर क्लॅम्प (दाबून धरायचा शिकंजा) लागतो, एवढे क्लॅम्प कुठून आणणार, तर काकूंनी दोरीवरचे कपडे काढून सगळे चिमटे माझ्या पदरात टाकले आणि रबरबँड लावून ते असे काही बसले की बस.

पुढची गिटार नातीसाठी लहान मापाची करायचीये, लाकूड बघायला रविवारी जुन्या बाजारात जाऊया, सकाळी लवकर, उन्हाआधी. तुमचे कॅम क्लॅम्प तोवर माझ्याकडेच राहू देत. चिमटे धुवून ठेवलेत, पण बऱ्याच जणांना ग्लू लागलाय आणि तो निघत नाहीये, काकूंना अजून सांगू नका, तुळशीबागेतून नवीन आणते आणि मग एकदमच खाली येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची