आळेफाट्याच्या मिस्त्रींना

मिस्त्री, स.न.वि.वि.

तुम्ही हे स्वतः वाचाल असं वाटत नाही, तुमच्या खिशातला बटणांचा फोन मी पाहिलाय. पण तुमच्या शेडपुढे दिवसभर गाड्या थांबतात. एखादा ड्रायव्हर वाचून दाखवेल.

मी ओतूरचा पिकअपवाला. उतरल्या उतरल्या आधीच्या दुकानदाराला शिव्या घालत होतो, तोच. तुम्ही म्हणालात, "आधी गाडी आत घ्या, भिजताय."

त्या दुकानाचं नाव इथेही काढत नाही. काचेचं दार, आत एसी, चपला बाहेर काढायच्या. १८०० रुपयांचे चकचकीत प्लॅस्टिकचे मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे चिखल अडवायचे पट्टे, त्यावर वाघाचं तोंड. पोराने पत्र्यात चार-चार स्क्रू पिळले आणि दहा मिनिटांत मोकळा झाला. चौथ्या दिवशी कल्याण मार्केटात गाडी मागे घेताना डावा वाघ चाकाखाली आला आणि पत्र्याचा तुकडा घेऊनच सुटला. उजवा माळशेजात कुठल्या वळणावर उतरला, देव जाणे. परत गेलो तर म्हणे वॉरंटी मालाची असते, फिटिंगची नसते. अहो, फिटिंग तुमच्याच पोराने केलं ना? तर वरून सल्ला, "गाडी जरा बेताने चालवत जा."

पैशाचं एक वेळ जाऊ दे. पण त्यानंतर आठवडाभर मी तसाच फिरलो, आणि टोकावड्याजवळ मागच्या चाकाने खड्ड्यातलं सगळं पाणी एका स्कूटीवरच्या बाईंवर उडवलं. आरशात दिसलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या. पदरही चिखलाचाच. माल उतरवायची घाई होती, म्हणून मी थांबलो नाही. हे तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ते पैशाचं नाही. "कॅरेट किती भरता?" मी म्हणालो, साठ. मग तुम्ही पोतं टाकून गाडीखाली गेलात, स्प्रिंगच्या पाट्यांजवळ घासल्याची खूण शोधलीत आणि सांगितलंत की भरली गाडी इथवर बसते, पट्टा तेवढा वर हवा. रिकाम्या गाडीचं माप घेऊन लावलेला फ्लॅप भरल्यावर रस्त्याला टेकणार आणि रिव्हर्सला चाकाखाली जाणार, हे मला तेव्हा कळलं. एवढी वर्षं गाडी चालवतोय, पण कधी वाकून बघितलं नव्हतं.

खडी क्रशरच्या जुन्या रबरी पट्ट्याचे दोन तुकडे, वर लोखंडी पट्टी, सहा बोल्ट. दिसायला काही नाही. पण मी हे पत्र लिहितोय ते त्या पट्ट्यांसाठी नाही.

भोकं पाडून झाली होती, तुमचा पोरगा बोल्ट घालणार तेवढ्यात तुम्ही त्याचा हात धरलात. रेड ऑक्साईडचा डबा काढलात, झाकणात चमचाभर ओतलंत, आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळलात आणि सहाही भोकांच्या कडा आतून एकेक करून रंगवल्यात. शेडच्या पत्र्यावर पाऊस बडवत होता, मागे एक टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. मी म्हणालो, "मिस्त्री, तिथं कोण बघतंय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गंज बघतो." मग सुकेपर्यंत मला स्टुलावर बसवलंत आणि समोरून चहा मागवलात, तुमच्या पैशाने.

३५० रुपये झाले. मी पाचशेची नोट देऊन राहू द्या म्हणालो, तर तुम्ही दीडशे मोजून माझ्या खिशात कोंबलेत. काडी-कापसाचे पैसे त्यात धरले होते का, विचारायचं राहून गेलं.

घाटात गाडी चालवताना ती काडी डोळ्यांपुढून जाईना. आमच्या टोमॅटोच्या धंद्यात कॅरेट भरायची एक रीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. वरच्या दोन थरांत लालबुंद, एकसारखा माल, खाली बारका, डागी. व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं, तो आधीच भाव पाडून मागतो, मग आपण त्याला लबाड म्हणतो. मीही तसंच भरत आलोय. माझे वडील नव्हते भरत. त्यांना आम्ही भोळे समजायचो. चांगली माणसं राहिली नाहीत असं पारावर बसून मीही म्हणतो, आणि बारका माल तळाला माझ्याच हाताने जातो. असो, पत्र तुमचं आहे, माझं गाऱ्हाणं कशाला.

महिना झाला. पट्टे जागच्या जागी आहेत. टेललॅम्प आणि नंबरप्लेट भर पावसात दिसतात, घाटातल्या धुक्यात मागच्याला ते किती लागतं हे मागे चालणाराच जाणे. फक्त उजव्या पट्ट्याचा खालचा कोपरा घासलाय. चूक माझी, त्या दिवशी साठाच्या जागी सत्तर भरले होते. गुरुवारी येतो, तेवढा कातरून द्या.

येताना एक कॅरेट आणतो घरच्यांसाठी. तळापर्यंत उपसून बघा.

आपला,
ओतूरचा पिकअपवाला