‘हॅव’ शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

आपण बेळगावातले शहापूरचे घर बंद करून मुलाकडे पुण्याला गेलात, त्याला आता बरेच दिवस झाले. फोनवर आभार मानायला लागलो की आपण ‘ते राहू दे, जेवलास काय?’ असे विचारून विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. दुसरे कारण असे की, मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी झालेली, पुढे डिप्लोमाला एकदम इंग्रजीत जाऊन पडलेली आणि आता उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात इंग्रजी ई-मेल लिहिण्याचे काम गळ्यात आलेली माझ्यासारखी पुष्कळ मुले खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडे आहेत, आणि आपण मला एकाच क्रियापदाबद्दल जे दाखवलेत ते त्यांच्याही वाचनात यावे अशी माझी इच्छा आहे. ते क्रियापद म्हणजे ‘हॅव’.

२०१४ मध्ये सरकारी कागदांवर शहराचे नाव ‘बेळगावी’ झाले, त्याच्या पुढच्या वर्षी मी एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, डिस्पॅच (माल पाठवणी) विभागात लागलो. लेटरहेड नवे होते आणि त्यावर लिहिणारा मीही नवाच होतो. एका शुक्रवारी बाहेरगावच्या गिऱ्हाइकाने किती नग तयार आहेत असे विचारले. चाळीस कास्टिंग (ओतीव नग) मशीनिंग होऊन, तेल लावून, खोक्यांत भरून दाराशी ठेवलेली होती. ‘आम्हाला ४० नग पाठवायचे आहेत’ हे वाक्य माझ्या डोक्यात होते आणि मी लिहिले, ‘वी हॅव टु डिस्पॅच फॉर्टी पीसेस.’ गिऱ्हाइकाने त्याचा अर्थ असा घेतला की, चाळीस नगांचे देणे आमच्याकडून अजून बाकी आहे. त्याने माल न्यायला निघणारी गाडी थांबवली आणि सोमवारपर्यंत खोकी तिथेच राहिली. मालक मला फार बोलले नाहीत, पण ‘साधं एक वाक्य लिहिता येत नाही?’ एवढे म्हणाले, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागले.

त्या रविवारी मी त्या ई-मेलची प्रिंट घडी करून खिशात घालून आपल्याकडे आलो होतो. आपण माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडत होता. प्रिंट वाचलीत, चष्मा कपाळावर ढकललात आणि इंग्रजीबद्दल एक शब्दही न बोलता मला विचारलेत, ‘तुला भाऊ किती?’

‘दोन,’ मी म्हणालो.

‘तुला दोन भाऊ आहेत, की तुझ्याकडे दोन भाऊ आहेत?’

मी गोंधळलो, कारण धाकटा त्या वेळी खरोखरच माझ्याकडे राहत होता. आपण हसलात आणि म्हणालात, ‘म्हणजे तुला भाऊ दोन आणि तुझ्याकडे एक. आता सांग की, तुझ्याकडे ताप आहे काय?’ ताप माझ्याकडे कसा असेल, तो मला असतो. पैसे मात्र मला नसतात, ते माझ्याकडे किंवा माझ्याजवळ असतात. खोलीला खिडक्या असतात, शेताला विहीर असते, आणि घर तर नुसतेच ‘माझे’ असते. ज्या गोष्टी मी जन्मापासून एकदाही न चुकता बोलत आलो, त्यांच्यामागे इतकी काटेकोर व्यवस्था आहे हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी, सुपातल्या तांदळासमोर बसून पहिल्यांदा कळले.

मग आपण जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करून त्यावर लाल पेनाने खण पाडलेत. डावीकडे ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘माझ्याजवळ’, ‘माझे’, ‘ला’ असे वेगवेगळे खण आणि उजवीकडे सगळ्यांसमोर एकच शब्द, ‘हॅव’. ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव फीवर’ नव्हे तर ‘आय हॅव अ फीवर’, ‘आय हॅव नो मनी’, ‘द रूम हॅज फोर विंडोज’. आपण सांगितलेत की, ‘हॅव’ या शब्दाच्या अगदी मुळाशी हाताने धरणे, पकडणे असा अर्थ आहे आणि इंग्रजी माणूस भाऊ, ताप, पैसा, खिडक्या सगळे एकाच मुठीत धरतो. मराठीला अशी मूठ नाही, संस्कृतलाही मुख्यतः नव्हती. तिथेही ‘माझे आहे’ असेच म्हणत. आपल्या भाषेत वस्तू असते आणि ती कुणाला, कुणाकडे, कुणाजवळ आहे ते प्रत्यय सांगतो.

तेवढ्यात शेजारच्या अक्का भांडे परत द्यायला आल्या आणि आपण त्यांनाही कन्नडमध्ये तेच प्रश्न विचारलेत. ‘नन्न कडे रोक्क ऐती’ आणि ‘ननग ज्वर बंदैती’, असे त्यांनी काही न कळून सांगितले. माझ्याकडे पैसे आहेत, मला ताप आलाय. तोच ‘कडे’, तीच ‘मला’ची जागा. बसमध्ये, बाजारात, सरकारी कचेरीत मी रोज कन्नड ऐकतो आणि मोडकीतोडकी बोलतोही, पण त्या दोन भाषा या बाबतीत इतक्या सख्ख्या आहेत हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. सीमाभागात कोणत्या भाषेची पाटी वर आणि कोणती खाली यावर आपली माणसे हयातभर भांडतात. ‘हॅव’पुढे मात्र दोन्हीकडचे सारखेच अडखळतात. आमच्या कारखान्यातला कन्नड माध्यमातला सहकारीही ‘आय ॲम हॅविंग’ असेच लिहीत होता, आणि तोपर्यंत आम्ही दोघेही ते खेड्यातल्या शाळेचे अपुरेपण समजून चालत होतो.

‘आय ॲम हॅविंग’चे मूळ आपण ज्या रीतीने उलगडलेत, ते मला आजही जसेच्या तसे आठवते. ‘मी जात आहे’ याचे इंग्रजी शाळेत ‘आय ॲम गोइंग’ असे पाठ करून घेतलेले असते. त्यामुळे वाक्याच्या शेवटी ‘आहे’ दिसला की हात आपोआप ‘ॲम’ किंवा ‘इज’ लिहितो. ‘माझ्याकडे गाडी आहे’ यातही ‘आहे’ आहेच, म्हणून ‘ॲम’ आला. गाडी तर दाखवायलाच हवी, म्हणून ‘हॅव’ आला. आणि ‘ॲम’च्या पुढे क्रियापद आले की त्याला ‘इंग’ लावायचे, म्हणून ‘आय ॲम हॅविंग अ कार’ तयार झाले. आपले म्हणणे असे की, हे दोन ‘आहे’ निराळे आहेत. पहिला क्रिया चालू असल्याचे सांगतो, दुसरा नुसते असणे सांगतो, आणि नुसत्या असण्याला इंग्रजीत ‘इंग’ लागत नाही.

मी लगेच शहाणपणा करून विचारले की, मग साहेब ‘वी आर हॅविंग लंच’ कसे म्हणतात? प्रश्न आवडला म्हणून आपण आतून लाडू आणून दिलात. तिथला ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे नव्हे, तो जेवणे आहे. ‘हॅव’च्या जागी जेवणे, पिणे, घेणे, भोगणे, भरवणे असे काही करण्याचे किंवा अंगावर येण्याचे क्रियापद बसत असेल तर ‘हॅविंग’ चालते. फक्त ‘कडे आहे’ किंवा ‘ला आहे’ एवढेच बसत असेल तर चालत नाही. म्हणून ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’ बरोबर, ‘वी आर हॅविंग ट्रबल विथ द मशीन’ हेही बरोबर, कारण त्रास आत्ता भोगतो आहोत. पण ‘वी आर हॅविंग अ मशीन’ चूक, कारण मशीन नुसते आहे. ही कसोटी मी डिस्पॅचच्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवली आहे, आणि नव्याने लागलेली मुले चहा पिता पिता ती वाचतात.

‘हॅज’चा भाग आपण दोन मिनिटांत संपवलात. ‘डझ ही हॅज’ का नाही, तर ‘डझ’मध्ये तो ‘स’ आधीच येऊन बसला आहे, त्याला दोन ठिकाणी पान वाढायचे नाही. म्हणून ‘डझ ही हॅव’. त्यावर मला पुढे कधी काही विचारावे लागले नाही.

माझ्या मूळ घोळावर मात्र आपण पुढचा पूर्ण रविवार खर्च केलात. मराठीत ‘मला नग पाठवायचे आहेत’ हे वाक्य इच्छा, बेत आणि जबाबदारी या तिन्हींना पुरते, शिवाय माल तयार पडला असेल तरीही ते चालते. इंग्रजीत ‘हॅव’ला चिकटून ‘टु’ आला की अर्थ ‘लागते’कडे झुकतो: ‘वी हॅव टु डिस्पॅच फॉर्टी पीसेस’, म्हणजे आम्हाला चाळीस नग पाठवावे लागणार आहेत. आणि तेच शब्द जागा बदलून ‘वी हॅव फॉर्टी पीसेस टु डिस्पॅच’ असे लिहिले तर चाळीस नग निदान आमच्या हातात आहेत, पाठवायचे आहेत एवढे कळते. ‘आणि संशयच नको असेल तर सरळ “फॉर्टी पीसेस आर रेडी” लिही,’ असेही आपण म्हणालात. ‘हॅव’ शिकवता शिकवता ‘हॅव’ टाळायलाही शिकवावे, हे मला तेव्हा गमतीचे वाटले होते. आता तो सल्ला मी सर्वांत जास्त वापरतो.

माझी दुसरी खोड ‘हॅड’ची होती. तपासणीच्या प्रत्येक अहवालात मी लिहायचो, ‘वी हॅड चेक्ड ऑल पीसेस यस्टर्डे.’ आपण विचारलेत, ‘आणि मग काय झालं?’ मग काहीच झाले नव्हते. मराठीत आपण ‘मी काल खानापूरला गेलो होतो’ असे सहज म्हणतो. त्यातला ‘होतो’ पुढे दुसरी काही घटना सांगायचीच असते म्हणून येतो असे नाही, जाऊन परत आलो एवढेही तो सांगतो. तो ‘होतो’ आम्ही उचलून ‘हॅड’ करतो आणि इंग्रजी वाचणारा पुढच्या घटनेची वाट बघत बसतो. कालची साधी गोष्ट सांगायची तर ‘वी चेक्ड’ पुरे. ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा त्या नंतरच्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीशी तिचा संबंध जोडायचा असतो, जसे ‘गाडी आली तेव्हा आम्ही नग तपासून ठेवले होते.’ तसेच ‘वी हॅव चेक्ड’ लिहिले की शेवटी ‘यस्टर्डे’ लिहायचे नाही, कारण ‘हॅव’ आजशी बांधलेला आहे आणि काल त्यात मावत नाही. हे कळल्यावर मी जुने अहवाल काढून बघितले. एका पानावर अकरा ‘हॅड’ होते आणि त्यांतला एकही लागत नव्हता.

आणखी एक गोष्ट, जी व्याकरणाची म्हणून आपण सांगितलीत आणि जिने मला एका मोठ्या अडचणीतून वाचवले. न्हाव्याकडून आल्यावर आपण ‘मी केस कापले’ असे खुशाल म्हणतो, कात्री दुसऱ्याच्या हातात असली तरी. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटले तर कात्री माझ्याच हातात जाते. दुसऱ्याकडून करवून घेतले तर ‘आय हॅड माय हेअर कट’. मराठीत ‘कापून घेतले’ म्हणायची सोय आहे, कन्नडमध्ये ‘माडु’चे ‘माडिसु’ होते, पण बोलताना मराठी माणूस ती सोय वापरायचा आळस करतो. आमच्याकडे धातूची रासायनिक तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत होते आणि मी वर्षभर ‘वी टेस्टेड द मटेरियल’ असे लिहून देत होतो. गिऱ्हाइकाच्या माणसांनी तपासणीला आल्यावर आमची प्रयोगशाळा दाखवा म्हटले असते, तर मी त्यांना काय दाखवणार होतो? आता त्या रकान्यात ‘वी हॅड द मटेरियल टेस्टेड’ असे असते आणि शेजारी बाहेरचा अहवाल जोडलेला असतो.

या सगळ्याची फी आपण घेतली नाहीत. कुंद्याचा डबा आणला तर ‘मला साखर आहे’ म्हणून अक्कांच्या मुलांना वाटलात आणि वर मलाच विचारलेत, ‘सांग, हिचं इंग्रजी काय?’ मी ‘आय हॅव शुगर’ म्हणालो, तेव्हा आपण इतक्या हसलात की अक्काही दारात आल्या. साखर डब्यात असते, आजार ‘डायबेटीस’ असतो. ‘आय हॅव डायबेटीस’. माझ्या चुकीला हसून नंतर मला हसू न येऊ देणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. आपल्या घरात मी स्वतःच्या चुकीला पोट धरून हसलो, आणि त्याचे ऋण मला कोणत्या खणात घालावे ते कळत नाही.

कॅलेंडरची ती पाने माझ्याकडे आहेत. मार्चचे पान डाव्या बाजूने फाटले होते, ते मी चिकटवून घेतले आहे. म्हणजे खरे तर स्वतःच चिकटवले आहे, इथे ‘हॅड’ नको.

एक शंका उरली आहे. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने लिहिले, ‘यू हॅड बेटर चेक द गेज.’ मी सवयीने आधी भूतकाळ शोधला, मग पुढची घटना शोधली, आणि दोन्ही सापडले नाहीत. वाक्य पुढच्या कामाबद्दल आहे, सल्ल्यासारखे आहे, पण त्यात थोडी दमदाटीही आहे असे वाटते. गेज, म्हणजे माप घेण्याचे साधन, तर आम्ही तपासून घेतला. परंतु आपल्या उजवीकडच्या रांगेत हा ‘हॅड’ कुठेच बसत नाही. दिवाळीत पुण्याला येईन तेव्हा ते पान बरोबर आणतो. लाल पेन आपल्याकडे असेलच.

आपला,
रविवारचा विद्यार्थी