इतवारीची नोंद

डोंबिवली,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत तुझे चार पानी पत्र आले. त्यात नागपूरच्या सहलीचा बेत होता, दिवसांचे रकाने पट्टीने आखलेले होते, आणि त्याला मी अकरा महिने उत्तर दिले नाही. मध्यंतरी तू दोनदा फोन केलास तेव्हा मी पावसाबद्दल, कल्याणच्या खड्ड्यांबद्दल आणि माझ्या डोळ्याबद्दल भरभरून बोललो, पण नागपूरचे नाव काढले नाही. गाडी आउटरला का थांबली आहे हे आपल्यात सर्वांत आधी तुला कळायचे, तेव्हा हेही तुला कळले असणारच. (डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले. साखर गोळ्यांवर आहे. प्रकृतीचे प्रकरण संपले.)

परवा, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, डोंबिवली स्टेशनच्या पुलावर बंड्या भेटला, आपल्याबरोबर इंजिनांचे क्रमांक वहीत टिपणारा तो तिसरा गडी. केस पार पांढरे झाले आहेत आणि हातात दुधीभोपळ्याची पिशवी होती. ओळख दाखवावी की पुढे निघून जावे, अशा विचारात आम्ही दोघेही असताना खालून एक मालगाडी थ्रू निघाली, आणि आम्ही दोघांनीही, काही न ठरवता, कठड्यावरून वाकून इंजिनाचा क्रमांक वाचला. त्यानंतर ओळख न दाखवण्याची सोयच उरली नाही. चहा घेताना तो म्हणाला, "तुम्ही दोघं नागपूरला गेला होतात ना, तेव्हा तुला इतवारी स्टेशनला छोट्या लाइनीचं वाफेचं इंजिन मिळालं होतं. त्याचा मला अजून हेवा वाटतो बघ."

सुधाकर, ते इंजिन मी पाहिलेले नाही.

हे वाक्य लिहायला मला अकरा महिने लागले असे म्हणणे चूक आहे. एक्केचाळीस वर्षे लागली. तुझ्या बेतातील तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात तू लिहिले आहेस, "सकाळी इतवारी. १९८४ साली ज्या जागेवरून तू ते इंजिन पाहिलेस, ती जागा मला दाखवायची." ही ओळ वाचल्यापासून मी पत्र लिहायला बसे आणि उठून जाई.

घडले ते असे. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तू आत्याच्या घरी, धरमपेठेत, तापाने पडला होतास (तो ताप संत्र्यांचा नव्हता, असे तुझी आत्या शेवटपर्यंत सांगत असे आणि आपण दोघांनी मिळून तीन डझन खाल्ली होती हे सोयीस्करपणे विसरत असे). मी एकटाच पहाटे सायकलरिक्षाने इतवारीला निघालो. वाटेत तर्री पोहे खाल्ले. एका प्लेटवर थांबलो असतो तर आज हे पत्र लिहावे लागले नसते, पण थंडी होती, तर्री चांगली होती, आणि मी दुसरी प्लेट घेतली. स्टेशनात शिरलो तेव्हा मला शेवटचा डबा आणि त्याच्याही पलीकडे झाडांवर रेंगाळणारा धूर एवढेच दिसले. शिट्टी मात्र ऐकली. रुळांशेजारी हात धूत असलेल्या एका खलाशाला मी इंजिनाचा क्रमांक विचारला. त्याने तो सांगितला, किंवा मला वाटेला लावण्यासाठी तोंडाला आले ते तीन आकडे सांगितले. परत आलो तेव्हा तू गोधडीतून डोके बाहेर काढून विचारलेस, "मिळालं?" आणि मी म्हणालो, "मिळालं."

परवा रात्री मी ती क्रमांकांची वही काढली. तुझ्यासारख्या माणसाच्या नजरेतून हे कसे सुटले याचे मला नवल वाटते, कारण ती नोंद स्वतःच स्वतःची चुगली करते. त्या वहीतील प्रत्येक खरी नोंद वाकडीतिकडी आहे; कुठे पेन घसरले आहे, कुठे शेवटचा आकडा गाडीच्या वेगामुळे अर्धवट राहून नंतर पूर्ण केला आहे, कुठे पावसाचा थेंब पडला आहे. इतवारीची नोंद तेवढी वळणदार अक्षरात, ओळीवर सरळ बसलेली आहे. ती मी तुझ्या आत्याच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिली होती.

आता बंड्याचे. त्याआधीच्या वर्षी त्याने कल्याण यार्डातल्या एका खेकड्याचा, म्हणजे त्या जुन्या विजेच्या इंजिनाचा, क्रमांक आपल्या वहीत लिहिला आणि तो त्याला वडिलांनी सांगितला होता असे उघड झाले, तेव्हा पत्रीपुलावर उभे राहून त्याला "डोळ्यांनी वाचलेलाच क्रमांक वहीत जाईल" हा नियम सुनावणारा मी होतो. तू गप्प होतास. मी त्याला म्हणालो होतो की खोट्या नोंदी करायच्या असतील तर त्याने लग्नपत्रिका जमवाव्यात. तो पूलही आता राहिला नाही, २०१८ मध्ये पाडून तिथे नवा बांधला, पण ते वाक्य बंड्याच्या लक्षात आहे. परवा त्याने ते मला हसत हसत जसेच्या तसे म्हणून दाखवले. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी आपण त्याला आपल्यातून काढले, तोच मी वर्षभराच्या आत केला आणि वर त्याच्या हेव्याचा धनी झालो. त्याचा खेकडा निदान खरोखर यार्डात उभा तरी होता.

नागपूरला जाऊन ती चूक भरून काढता आली असती तर मी केव्हाच गेलो असतो. पण छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात. आपण ज्याला नुसते इतवारी म्हणतो त्या स्टेशनाच्या नावाआधी आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव लागले आहे आणि छिंदवाड्याला तिथून मोठ्या लाइनीची गाडी जाते. अडीच फुटी रुळांवरचे इंजिन पाहायचे तर मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात जावे लागेल. ते २००२ मध्ये सुरू झाले आणि बंगाल नागपूर रेल्वेच्या जुन्या कारखान्याच्या आवारात आहे. उभ्या केलेल्या, रंगवलेल्या इंजिनाचा क्रमांक वहीत धरायचा की नाही, हा नियम आपण कधी केलाच नव्हता. तू कर. मला आता नियम करण्याचा अधिकार नाही.

तरीही बेत मला मोडायचा नाही, म्हणून तुझ्या रकान्यांवर माझे म्हणणे लिहितो.

हंगाम तू जानेवारीचा धरला आहेस आणि तो योग्य आहे. संक्रांतीनंतर निघू. त्या दिवसांत उत्तरेत धुके असल्यामुळे दिल्लीकडच्या गाड्या तासनतास उशिरा येतील आणि तुझे वेळापत्रक पहिल्याच दिवशी कोलमडेल, हे मला मान्य आहे. पण त्याच उशिरामुळे एरवी रात्री निघून जाणाऱ्या गाड्या आपल्याला उजेडात मिळतील. इतर प्रवासी धुक्याला शिव्या देत असताना फलाटाच्या टोकाला दोन म्हातारे खुशीत उभे आहेत, हे चित्र मला आवडते. तू मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने ये, मी मनमाडला चढतो. आरक्षण आता एकशेवीसऐवजी साठ दिवस आधी उघडते, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला. या बदलाबद्दल तू पत्रात अर्धे पान तक्रार केली आहेस. मला मात्र त्यामुळे कबुली द्यायला दोन महिने जास्त मिळाले.

पहिला दिवस पूर्ण स्टेशनाला द्यावा. सावनेरच्या दगडाची ती इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी खुली झाली, म्हणजे तिची शंभरी होऊन गेली आणि आपण वर्षभर उशिरा पोचणार. आपल्या बाबतीत हे चालण्यासारखे आहे. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचे आणि दोन तासांचे असते, तेव्हा दर दोन तासांनी तू खिडकीवर जाशील आणि मी बाक राखेन. पूर्वी हे उलट होते, पण माझा गुडघा आता जिने मोजतो. जी. टी. (ग्रँड ट्रंक) एक्स्प्रेससाठी तू किती वेळ देणार आहेस ते आधीच सांग. ती एके काळी पेशावरहून मंगळूरला जात असे, हे तू मला आजवर जितक्या वेळा सांगितले आहेस तितक्या वेळा ती गेलीही नसेल. गीतांजली मात्र मी सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी तुझी ती डायमंड क्रॉसिंग, जिथे चार दिशांचे रूळ एकमेकांना छेदतात असे नागपूरकर सांगतात. तिथे चार दिशा मिळत नाहीत, तीनच मिळतात, हे तुझे म्हणणे मी १९८४ मध्ये फेटाळले होते आणि आपण सीताबर्डीपर्यंत एकमेकांशी न बोलता चालत गेलो होतो. तुझे बरोबर होते. मुंबईची आणि चेन्नईची वाट सेवाग्रामजवळच एक होते आणि नागपुरात दक्षिणेकडून एकत्रच शिरते, त्यामुळे चौथी दिशा फक्त नागपूरकरांच्या अभिमानात आहे. पण तिथे रूळ रुळाला छेदतो, एवढे तू मान्य करायला हवेस. तू रुळांच्या कडेला उभे राहून ते पाहण्याचे लिहिले आहेस, त्यावर मी काट मारली आहे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास कलम १४७ खाली हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंड मी भरीन, पण नातवंडांना कैदेचे कारण सांगणे कठीण जाईल. त्याऐवजी सकाळी काटोलचे तिकीट काढून इटारसीच्या वाटेने जाऊन येऊ, आणि दुपारी कामठीचे काढून हावड्याच्या वाटेने. म्हणजे दोन्ही रेघांवरून आपण स्वतः जाऊ. साध्या डब्यात, उघड्या खिडकीशी बसू, कारण काचबंद डब्यात तो आवाज पोचत नाही. जोडावरच्या ठेक्यात मध्येच खण् खण् असे दोन कोरडे, जास्तीचे ठोके पडतात, ते चाक रुळातील फट ओलांडते तेव्हाचे. ते ऐकले की किती दिशा होत्या यावर मी भांडणार नाही.

अजनीच्या इंजिन-शेडसाठी विभागीय कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा लागेल. तो तू कर, तुझे अक्षर सरकारी आहे. परवानगी मिळाली तर बारा हजार अश्वशक्तीचे ते जोड-इंजिन, डब्ल्यूएजी-१२, जवळून पाहता येईल. न मिळाली तर अजनी स्टेशनच्या फलाटावरून जे दिसेल ते आपले. तीस हजारांतले क्रमांक एकामागून एक लिहिण्यात पूर्वीची गंमत राहिलेली नाही, आणि कोणती गाडी कुठे पोचली आहे हे आता फोनच आधी सांगून टाकतो, त्यामुळे सिग्नल पडल्यावर "कोण असेल?" म्हणून जो श्वास रोखला जायचा तोही गेला. म्हणून माझी एक अट आहे: फलाटावर असेपर्यंत फोन पिशवीत राहील. वही दोघांनीही आणायची. कोळशाच्या गाड्यांच्या वाघिणी मोजण्याचे काम नेहमीप्रमाणे तुझे. अठ्ठावन्न की एकोणसाठ यावरून भांडण झाले तर ती गाडी सोडून द्यायची.

तिसऱ्या दिवसाचा रकाना मी कोरा ठेवला आहे. आधी मोतीबाग, असे पेन्सिलीने लिहिले आहे. मग इतवारी ठेवायचे की नाही ते तू ठरव. ठेवलेस तर मी तुला जागा दाखवीन, पण ती मी इंजिन पाहिल्याची नसेल. धूर पाहिल्याची असेल. तेवढी मला नक्की आठवते. आणि जमले तर ती पोह्यांची गाडी जिथे होती ती जागाही, कारण खरा गुन्हा तिथे झाला.

तुझ्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टींना आता घाईने उत्तर देतो, रागावू नकोस. धाकटीचे लग्न ठरले हे वाचून फार आनंद झाला. तारीख जानेवारीत असेल तर वरचे सगळे फेब्रुवारीत ढकलू. वहिनींच्या पाठीला आराम पडला असेल असे धरतो. घराला तुम्ही पिवळा रंग दिलात, तो जुन्या लोकलच्या पट्ट्यासारखा आहे असे तू लिहितोस. वहिनींना हे कारण माहीत नसावे.

आता मुख्य मुद्दा. त्या नोंदीवर मी काट मारलेली नाही. शेजारी पेन्सिलीने "ऐकीव" एवढाच शब्द लिहिला आहे. आपल्या नियमाप्रमाणे वहीतील दुरुस्ती दुसऱ्याने सही करून मान्य करावी लागते, तेव्हा तुझी सही मनमाड सुटल्यावर घेईन. बंड्याला मी अजून काही सांगितलेले नाही. निरोप घेताना त्याने विचारले, "पुन्हा कधी निघालात तर सांगाल का?" मी "बघू" म्हणालो, कारण त्याला काढताना तू गप्प होतास हे मला आठवले आणि त्याला परत घेताना तुला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटले. तू हो म्हणालास तर मी त्याच्या घरी जाऊन आधी इतवारीचे सांगेन आणि मग नागपूरचे विचारीन. त्यानंतर त्याने यायचे नाही म्हटले तर ते त्याचे.

तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापूर्वी एवढेच कळव, की तिकिटे दोन काढायची की तीन. तीन काढली तर खालचे बर्थ दोनच मिळतील अशी शक्यता आहे, आणि वरच्यावर मी जाईन.

तुझा,
वसंत

ता. क. : तुझ्या आत्याला त्या तीन डझनांबद्दल आपण कधी खरे सांगितले नव्हते. तो हिशोब आता राहिलाच.