रुबार्ब: देठ, पान आणि मूळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील रुबार्ब या विलायती झाडावरचा लेख आवडीने वाचला. जमावाची कुजबुज ऐकवण्यासाठी इंग्रजी रंगभूमीवरची नटमंडळी ‘रुबार्ब, रुबार्ब’ असे पुटपुटतात, ही त्यातली गंमत खरीच आहे. मात्र दोन विधाने वाचकाला गोत्यात आणणारी असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

लेखात रुबार्बला ‘पालेभाजी’ म्हटले आहे. वास्तविक या झाडाचा खायचा भाग म्हणजे पानाचा लांब, आंबट देठ. पाते कापून टाकायचेच असते, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे विषबाधा होऊ शकते. पहिल्या महायुद्धातील टंचाईत ब्रिटनमध्ये ही पाने खाण्याचा सल्ला दिला गेला आणि त्यातून काही माणसे दगावली. आपला आंबट चुका याच कुळातला असला, तरी चुक्याची पाने चालतात म्हणून रुबार्बची चालतील असे नाही.

‘रुबार्ब म्हणजेच रेवाचिनी’ हे दुसरे विधान अर्धेच खरे आहे. रेवाचिनी हे त्याच्या चिनी आणि हिमालयीन भाऊबंदांचे वाळवलेले मूळ असून ते रेचक आहे. अफूचा व्यापार थांबवू पाहणारे चिनी अधिकारी लिन झेशू यांनी १८३९ मध्ये व्हिक्टोरिया राणीला लिहिलेल्या पत्रात, चहा आणि रेवाचिनीवाचून परदेशीयांचे चालायचे नाही, असे सुनावले होते ते याच मुळाबद्दल. आपली पाककृती वाचून कोणी काष्ठौषधींच्या दुकानातून पाव किलो रेवाचिनी आणून मुरंबा केला, तर पाहुण्यांची रात्र कशी जाईल हे मी सांगायला नको.

माझी मुलगी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात वेकफील्डजवळ राहते. तेथे दोन वर्षे उघड्या शेतात वाढवलेले आणि थंडीचा कडाका सोसलेले कंद काळोख्या, उबदार शेडमध्ये आणतात आणि देठांची काढणी मेणबत्तीच्या उजेडात करतात, कारण जास्त उजेड लागला तर देठ हिरवे आणि चरबट होतात. या पिकाला २०१० मध्ये युरोपीय भौगोलिक संरक्षणही मिळाले. ते गुलाबी देठ मी स्वतः शिजवले आहेत. साखर घालून मंद आचेवर ठेवले की त्यांना स्वतःचेच पाणी सुटते आणि काही मिनिटांत ते विरघळतात, त्यामुळे लेखात सांगितल्याप्रमाणे वाटीभर पाण्यात वीस मिनिटे उकळल्यास हाती सार तेवढे लागेल. मुलगी तर आमसूल संपले की आमटीत हाच देठ घालते.

पुढील अंकातील शुद्धिपत्रात ‘फक्त देठ खावा’ एवढे तरी ठळक छापावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे